हौशी गेम-निर्मिती स्पर्धा, खेप तिसरी: नियम लिहिण्यापूर्वीची चर्चा

सारीपाट (धागालेखक)

नमस्कार.

आपल्या समूहाची गेम-निर्मिती स्पर्धा यंदा तिसऱ्यांदा घ्यावी, असे पुण्यातील आम्हा चार-पाच आयोजकांच्या मनात आहे. गणेशोत्सवाची धामधूम ओसरल्यावर आणि दिवाळीची खरेदी सुरू होण्याआधी जे मोकळे शनिवार-रविवार सापडतात, त्यांपैकी एक निवडावा, इथपर्यंत आमचे एकमत झाले आहे. नियम मात्र अजून लिहिलेले नाहीत. मागच्या दोन्ही खेपांना आम्ही नियम आधी लिहिले आणि त्यांतील चुका सहभागींना सोसाव्या लागल्या. म्हणून या वेळी आधी सर्वांचे ऐकावे आणि मगच लिहायला बसावे, असे ठरवले.

पहिल्या खेपेला आम्ही महिनाभराची मुदत दिली होती. जितका वेळ जास्त, तितके खेळ चांगले, असा आमचा समज होता. नावे भरपूर आली, पण पूर्ण झालेले खेळ फारच थोडे होते. महिना हाताशी आहे म्हटल्यावर माणूस पहिले तीन आठवडे नकाशा, नायकाचा पोशाख आणि कथेची पार्श्वभूमी यांत रमतो आणि शेवटच्या आठवड्यात त्याच्या लक्षात येते की, ‘सुरू करा’चे बटण आणि ‘समाप्त’चा पडदा यांच्या मध्ये खेळण्यासारखे काहीच तयार नाही. दुसऱ्या खेपेला मुदत तीन दिवसांवर आणली, तेव्हा खेळ आकाराने लहान झाले, पण बहुतेक पूर्ण झाले. हा काही आम्ही लावलेला शोध नव्हे. मार्च २००२ मध्ये अमेरिकेत ‘इंडी गेम जॅम’ (थोड्या वेळात गेम करण्याचा मेळावा म्हणजे जॅम) झाला आणि त्याच वर्षी ‘लुडम डेअर’ सुरू झाले, तेव्हापासून थोड्या वेळात लहान पण पूर्ण खेळ करण्याची ही रीत चालत आली आहे. लुडम डेअरमध्ये एकट्याने आणि सर्व काही स्वतः तयार करून उतरायचे असेल तर ४८ तास मिळतात, गटाने आणि थोड्या सैल नियमांनी उतरायचे असेल तर ७२. २००९ पासून जानेवारीच्या अखेरीस होणारा ‘ग्लोबल गेम जॅम’सुद्धा मुळात ४८ तासांच्या मुदतीवरच उभा राहिला.

मुदतीचा प्रश्न त्यामुळे बराचसा सुटला आहे. मला मोकळेपणाने बोलायचे आहे ते निकालाविषयी. दोन्ही खेपांना आम्ही तीन परीक्षक नेमले, त्यांनी मनापासून काम केले, पहिले तीन क्रमांक जाहीर झाले आणि अभिनंदनाचे संदेश आले. त्यानंतर आठवड्याभराने एका सहभागीने मला खाजगी संदेश पाठवला. त्याने मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यातील पाळ्या सांभाळून तीन रात्री जागून एक कोड्याचा खेळ केला होता. संदेशात क्रमांकाविषयी तक्रार नव्हती. एवढेच विचारले होते, ‘माझा गेम परीक्षकांखेरीज कुणी खेळले का?’ मी नोंद पाहिली. कुणीही खेळले नव्हते.

त्या दिवसापासून माझे मत असे झाले आहे की, स्पर्धा घेणाऱ्याचे पहिले काम पहिला क्रमांक शोधणे हे नसून, पूर्ण झालेला प्रत्येक खेळ अनोळखी माणसांकडून खेळला जाईल आणि त्यावर करणाऱ्याला काही लिहून मिळेल, याची व्यवस्था करणे हे आहे. बाकीचे सर्व नियम या एका गोष्टीला धरून लिहावेत, असे मी सुचवतो.

माझा प्रस्ताव असा. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता विषय जाहीर व्हावा, सोमवारी संध्याकाळी सातला मुदत संपावी. खेळ ब्राउझरमध्ये उघडणारा असावा. त्यानंतरचे दोन आठवडे केवळ खेळण्यासाठी राखावेत. गुण सहभागींनीच एकमेकांना द्यावेत, आणि ज्याने ठरलेल्या संख्येइतके इतरांचे खेळ खेळून त्यांवर लिहिले नाही, त्याचा स्वतःचा खेळ क्रमवारीत धरू नये. आपली मते कळवावीत.

---

खडूफळा

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते आणि माझे काही विद्यार्थी मागच्या खेपेत होते. प्रस्तावाच्या गाभ्याशी मी सहमत आहे, परंतु ७२ तासांविषयी एक शंका मांडते.

‘७२ तासांची मुदत’ आणि ‘७२ तासांचे काम’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे विद्यार्थ्यांना कुणी स्पष्ट सांगत नाही. वसतिगृहातील मुले सलग दोन रात्री झोपत नाहीत, तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना स्वतःचाच कोड वाचता येत नाही आणि शेवटच्या दोन तासांत चालू असलेला खेळ बिघडवून ठेवतात. हे मी तीन गटांच्या बाबतीत प्रत्यक्ष पाहिले आहे. दुसरीकडे, घर आणि नोकरी सांभाळणाऱ्या माणसाला त्या तीन दिवसांत मिळून दहा-बारा तासच मिळतात. म्हणून नियमांतच लिहावे की, अपेक्षित काम साधारण पंधरा तासांचे आहे आणि परीक्षण करताना हाच अंदाज धरला जाईल. शनिवारी रात्री दहाच्या सुमारास ‘आता जे चालते आहे त्याची एक प्रत बाजूला ठेवा आणि झोपा’ अशी सूचना समूहावर टाकावी. ती प्रत पुढे फार उपयोगी पडते.

तारखेबाबत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. विद्यापीठाच्या सत्र परीक्षा दिवाळीच्या आसपास डोक्यावर येतात, त्यामुळे ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा ओलांडू नये. देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा आपल्याकडचा वार गुरुवार, त्यामुळे शुक्रवारची सुरुवात योग्यच आहे.

ब्राउझरच्या अटीचे मी स्वागत करते. अनोळखी माणसाने पाठवलेली विंडोजची फाइल उघडायला लोक घाबरतात, आणि ते बरोबरच आहे. संगणकही इशारा देतो. दुव्यावर टिचकी मारली की खेळ सुरू, असे असेल तरच माझी विद्यार्थिनी गावाकडे सुट्टीवर असताना मोबाइलच्या डेटावर दहा खेळ खेळून पाहील. पण त्यासाठी आकाराचीही मर्यादा हवी. ‘जेएस१३के’ नावाची एक स्पर्धा २०१२ पासून होते, तिथे अख्खा खेळ संकुचित करून १३ किलोबाइटमध्ये बसवावा लागतो. आपण इतके टोक गाठू नये, परंतु ५० मेगाबाइटची मर्यादा अवघड नाही. ती सहसा ओलांडली जाते ती संकुचित न केलेल्या संगीतामुळे. डब्ल्यूएव्ही फाइल ऑग या संकुचित प्रकारात बदलली की प्रश्न बहुधा मिटतो.

जे गोडो इंजिन (गेम तयार करण्याची मुक्त प्रणाली) वापरणार आहेत त्यांनी ४.३ किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्यावी. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीपासून वेबसाठीचा बिल्ड (खेळाची चालवता येणारी प्रत) एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यावर, चालवण्याची सोय पुन्हा मिळाली. त्याआधीच्या चौथ्या मालिकेतील बिल्डला सर्व्हरकडून विशिष्ट हेडर (फाइलसोबत येणाऱ्या सूचना) मिळाले नाहीत, तर ते सुरूच होत नसत. मागच्या खेपेला दोन मुलांचे खेळ केवळ या एका कारणाने काळ्या पडद्यावर अडकले आणि त्यांना ते मुदत संपल्यावर कळले.

---

मुळाकाठ

सारीपाट, तुमची तळमळ पोहोचली, परंतु परीक्षक काढून टाकण्याला माझा विरोध आहे आणि तो नोंदवणे मला आवश्यक वाटते.

सहभागींनी एकमेकांना गुण द्यायचे म्हणजे ज्याचे मित्र अधिक त्याचा क्रमांक वर, असे होण्याची भीती आहे. आपल्या शहरात स्पर्धा कशी असावी याची परंपरा आहे. महाराष्ट्रीय कलोपासक १९६३ पासून महाविद्यालयीन एकांकिकांसाठी पुरुषोत्तम करंडक घेते. मी विद्यार्थिदशेत तिच्यात पडद्यामागे राबलो आहे. त्या करंडकाला जी किंमत आहे ती परीक्षकांच्या कडक नजरेमुळे. २०२२ मध्ये तर अंतिम फेरीतील एकही एकांकिका करंडकाच्या दर्जाची नाही, असे परीक्षकांनी ठरवले आणि करंडक कुणालाच दिला नाही. त्या निर्णयावर पुष्कळ वाद झाला, पण दर्जा नावाची काही गोष्ट असते आणि ती जपावी लागते, हे त्यातून सर्वांच्या कानी गेले. गेमच्या क्षेत्रातही पुण्याकडून अपेक्षा ठेवाव्यात असे काम झाले आहे. २०२० मध्ये आलेला ‘राजी’ हा खेळ येथील नॉडिंग हेड्स या लहान स्टुडिओने केला आणि तो जगभर खेळला गेला. हौशी असलो म्हणून मोजपट्टी सैल करावी, हे मला पटत नाही.

---

सारीपाट (धागालेखक)

मुळाकाठ काका, आपण करंडकाचे उदाहरण दिलेत ते फार बरे झाले, कारण माझे म्हणणे त्याच उदाहरणातून अधिक नीट सांगता येईल.

भरत नाट्य मंदिरात एकांकिका सुरू होते तेव्हा समोर प्रेक्षक बसलेले असतात. परीक्षकांनी पुढे काहीही निर्णय दिला, तरी त्या मुलांना त्या क्षणी हशा, शांतता, टाळी किंवा खुर्च्यांची कुरकुर ऐकू आलेली असते. आपले कोणते वाक्य पोहोचले आणि कोणते पडले, हे त्यांना निकालाच्या आधीच कळलेले असते. कडक परीक्षक त्या स्पर्धेला परवडतात, कारण प्रेक्षक आधीच हजर आहेत. आपल्या स्पर्धेत प्रेक्षागृह रिकामे असते आणि फक्त परीक्षकांच्या खुर्च्या भरलेल्या असतात. आधी प्रेक्षागृह भरू या, असे मी म्हणतो आहे.

‘राजी’विषयी मलाही अभिमान आहे. मात्र तो खेळ पूर्णवेळ काम करणाऱ्या माणसांनी काही वर्षे राबून केला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न उद्दिष्टापर्यंत पोहोचला नव्हता, तरी ते थांबले नाहीत. त्याची मोजपट्टी पंधरा तासांच्या कामाला लावता येणार नाही. पंधरा तासांत एक कल्पना खेळता येण्याजोगी झाली की नाही, एवढेच पाहता येते. ‘बाबा इज यू’ हा कोड्यांचा खेळ २०१९ मध्ये बाजारात आला, पण त्याची मूळ कल्पना २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये थोडक्या वेळात उभी राहिली होती. ‘सेलेस्ट’चे पहिले रूप २०१५ मध्ये चार दिवसांत केलेले होते. त्या पहिल्या रूपांना कुणीतरी खेळून पाहिले आणि ‘यात दम आहे’ असे सांगितले, म्हणून पुढचे काम झाले.

मित्रांच्या मतांची शंका मात्र रास्त आहे. त्यावर थोडे हिशेबाने बोलतो.

अडचण दोन प्रकारची आहे. पहिली अशी की, एखाद्या खेळाला फक्त तीन मते मिळाली आणि ती तिन्ही मित्रांची असली, तर त्याची सरासरी पाचापैकी पाच होते आणि वीस अनोळखी माणसांनी ४.२ दिलेला खेळ मागे पडतो. इच डॉट आयओ या संकेतस्थळावर जे जॅम चालतात, तिथे यावर एक साधा उपाय आहे. सर्व खेळांना मिळालेल्या मतसंख्यांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी संख्या) काढतात. ज्या खेळाची मते मध्यकापेक्षा कमी आहेत, त्याच्या सरासरीला त्याची मते भागिले मध्यक या गुणोत्तराच्या वर्गमुळाने गुणतात. समजा, मध्यक १६ आहे आणि एका खेळाला ९ मते मिळून ४.४ ची सरासरी आली आहे. ९ भागिले १६ याचे वर्गमूळ ०.७५, म्हणून त्याचा गुण ३.३ धरला जाईल. २५ मते मिळवून ३.८ सरासरी असलेल्या खेळाचा गुण ३.८ च राहील, कारण मध्यकाच्या वर गेल्यास बक्षीस नाही आणि दंडही नाही. लुडम डेअरमध्ये याहून सरळ नियम आहे: वीस मते मिळाली नाहीत तर क्रमांकच मिळत नाही. आपल्याकडे खेळांची संख्या पाहता वीस हा आकडा मोठा होईल, म्हणून मी वर्गमुळाचा नियम घ्यावा या मताचा आहे.

दुसरी अडचण खोल आहे. कमी मते मिळाल्याची शिक्षा त्या सहभागीला का, हा प्रश्न उरतोच. कमी मते हा बहुतेक वेळा आयोजकांचा दोष असतो. म्हणून यादीत खेळ वर्णानुक्रमे किंवा लोकप्रियतेनुसार लावू नयेत. ज्याला आजवर सर्वांत कमी प्रतिसाद आले आहेत, तो सर्वांत वर दिसावा. यादी उघडणाऱ्याच्या हाताला आपोआप तोच खेळ लागतो. असे केल्यास दोन आठवड्यांच्या शेवटी कुठलाच खेळ मध्यकाच्या फार खाली राहू नये, आणि मग वर्गमुळाचा नियम कागदावरच राहील. तो कागदावरच राहावा, अशी माझी इच्छा आहे.

परीक्षकांना काढून टाकू नये, हे आपले म्हणणे मान्य करतो. त्यांनी क्रमांक न देता प्रत्येकी तीन-चार खेळ निवडून त्यांवर सविस्तर लिहावे, असे केले तर? आपण त्यांपैकी एक व्हावे, ही विनंती.

---

मुळाकाठ

प्रेक्षागृहाचा मुद्दा पटला. रंगीत तालमीला चार बाहेरची माणसे बसवली की एकांकिका सुधारते, हे आम्ही स्वतः अनुभवले आहे. मी ते येथे लावून पाहिले नव्हते. सविस्तर लिहिण्याची जबाबदारी घेतो, मात्र एका अटीवर. न आवडलेल्या खेळांवरही लिहू द्यावे. केवळ कौतुक वाचून कुणी शिकत नाही.

---

अनुस्वार

मला एका वेगळ्या आणि माझ्या दृष्टीने तितक्याच महत्त्वाच्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. मागच्या खेपेत मराठी माणसांनी केलेल्या खेळांपैकी निम्म्याहून अधिक खेळांत एकही मराठी शब्द नव्हता. ‘स्टार्ट’, ‘गेम ओव्हर’, ‘ट्राय अगेन’. मी काही जणांना कारण विचारले. त्यांतील एकालाही मराठीचे वावडे नव्हते. ‘अक्षरे तुटतात’ हे एकच उत्तर बहुतेकांनी दिले.

ती का तुटतात, हे समजून घेतले तर अर्धे काम होते. संगणकात ‘कि’ साठवला जातो तो आधी क आणि मग ऱ्हस्व वेलांटी, या क्रमाने. पडद्यावर मात्र वेलांटी क च्या आधी काढावी लागते. ‘स्त्री’ या एका अक्षरामागे स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी असे सहा संकेत असतात आणि त्या सहांचे मिळून एक जोडाक्षर घडवावे लागते. हे काम करणारा एक स्वतंत्र भाग लागतो. ब्राउझरमध्ये आणि मोबाइलच्या प्रणालीत तो असतो, म्हणून आपल्याला तिथे कधी जाणवत नाही. पण गेमची इंजिने अक्षरे स्वतः काढतात. गोडोच्या तिसऱ्या मालिकेत हा भाग नव्हता; मार्च २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत ‘हार्फबझ’ नावाची मुक्त प्रणाली जोडली गेली आणि देवनागरी नीट उमटू लागली. युनिटी या दुसऱ्या इंजिनात बहुतेक जण अक्षरांसाठी जी टेक्स्टमेश प्रो ही सुविधा वापरतात, तिच्यात देवनागरीची अशी जुळणी होत नाही. तेथे सर्वांत साधा मार्ग म्हणजे शीर्षके आणि बटणांवरील शब्द चित्ररूपाने घालणे. ‘सुरू’, ‘थांबा’, ‘पुन्हा’ एवढ्यासाठी तो पुरेसा आहे.

जुळणी झाली तरी काम संपत नाही. संवाद एकेक अक्षर टंकल्यासारखा उमटवण्याची पद्धत अनेकांना आवडते. ती एकेक संकेत मोजून केली, तर ‘क्षण’ लिहिताना आधी क, मग पायमोडका क्, मग क्ष असे डोळ्यांसमोर बदलत राहते आणि वाचणाऱ्याला ते खटकते. मोजणी पूर्ण अक्षराची हवी. शब्दकोड्यांच्या खेळातही तेच: ‘पुणे’ या शब्दात संगणक चार घटक मोजतो, आपण दोन अक्षरे मोजतो. खेळाडूने चार घरे पाहिली तर तो गोंधळणारच. ओळीची उंची इंग्रजीच्या अंदाजाने ठेवली की वरचा रफार आणि खालचा उकार कापला जातो, तोही एक नेहमीचा दोष. जुन्या धाटणीच्या चौकोनी ठिपक्यांच्या खेळात आठ ठिपक्यांच्या उंचीत इंग्रजी अक्षर बसते. शिरोरेषा, वरची मात्रा आणि खालचा उकार यांना तेवढी जागा पुरत नाही. सोळा धरावेत.

फॉन्टसाठी नोटो सान्स देवनागरी किंवा ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट घ्यावा. दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत, खेळासोबत देता येतात. आणि फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरे असतील तर भाषा ‘मराठी’ अशी नेमून द्यावी, म्हणजे ल आणि श आपल्या वळणाचे येतात. पाठ्यपुस्तकात ज्या वळणाचा ल गिरवला, तोच खेळात दिसला की मूल तो खेळ आपला मानते, असे मी माझ्या भाचीकडे पाहून सांगतो.

माझी सूचना अशी की, मराठीची सक्ती करू नये, पण आयोजकांनी गोडोमध्ये एक कोरा नमुना-प्रकल्प तयार करून ठेवावा, ज्यात फॉन्ट, ओळीची उंची आणि पूर्ण अक्षराने उमटणारा संवाद आधीच जुळवलेला असेल. तो करून देण्याची जबाबदारी मी घेतो.

---

काचापाणी

मी पहिल्यांदाच लिहिते आहे. मला कोड लिहिता येत नाही. मी कथा लिहिते आणि थोडी चित्रे काढते. वाचकाने निवड करायची आणि त्यानुसार कथा वळायची, असा ‘ट्वाइन’ या साधनावर केलेला खेळ या स्पर्धेत चालेल का? त्याला गेम म्हणतील का, अशी धास्ती वाटते, म्हणून विचारते.

---

अनुस्वार

काचापाणी ताई, अवश्य चालावा. शिवाय ट्वाइनमधून तयार होते ती साधी एचटीएमएल फाइल, म्हणजे अक्षरजुळणीचे सर्व काम ब्राउझरच करतो. मी वर जे सविस्तर लिहिले आहे, त्यांपैकी कोणतीही अडचण तुम्हाला येणार नाही. मराठीत खेळ करण्याचा सर्वांत सोपा मार्ग तुम्हीच निवडला आहे.

---

चौकट

संगीत आणि चित्रे यांच्या हक्कांबद्दल दोन शब्द. चित्रपटगीताचा तुकडा पार्श्वभूमीला लावू नये. ‘दहाच सेकंद आहे’ किंवा ‘स्पर्धा विनामूल्य आहे’ म्हणून परवानगी आपोआप मिळत नाही. केनी या नावाने विनामूल्य मिळणारे चित्रसंच सीसी-शून्य परवान्याचे (निर्मात्याने हक्क सोडलेले) आहेत, ते निर्धास्त वापरावेत. ओपनगेमआर्ट या संकेतस्थळावर मात्र प्रत्येक चित्राचा परवाना निराळा असतो आणि काहींत निर्मात्याचे नाव देणे बंधनकारक असते, तेव्हा उतरवून घेतानाच परवाना एका मजकूर-फाइलमध्ये नोंदवून ठेवावा. शेवटच्या रात्री ते शोधत बसणे शक्य होत नाही.

आधी लिहिलेला कोड वापरू द्यावा, पण तो कोणता हे सांगायला लावावे. यंत्राकडून करून घेतलेली चित्रे, आवाज किंवा कोड यांबाबतही तेच: बंदी न घालता स्पष्ट उल्लेखाची अट ठेवावी आणि चित्रांचा वेगळा गुण असेल तर अशा खेळांना त्या गुणापुरते वगळावे. ज्याने हाताने पंचवीस चौकटी काढल्या, त्याच्याशी न्याय व्हायला हवा.

---

खडूफळा

विषय कसा निवडणार, हे अजून कुणी बोललेले नाही. मागच्या वेळचा ‘पर्यावरण’ हा विषय निबंधाचा होता. त्यावर जवळजवळ सर्वांनी कचरा वेचण्याचाच खेळ केला.

---

सारीपाट (धागालेखक)

खडूफळा ताई, तो दोष माझा. विषय म्हणून संकल्पना देण्यापेक्षा अनेक अर्थांचा एखादा साधा मराठी शब्द द्यावा, असे आता वाटते. ‘बाबा इज यू’ ज्या जॅममध्ये जन्मला, त्याचा विषय होता ‘तिथे नाही’. त्या खेळाचे नियम शब्दांच्या ठोकळ्यांनी बनतात, आणि त्यातील ‘नाही’ या शब्दालाच करणाऱ्याने असा ठोकळा केला. ‘नाही’ सरकवले की नियमच उलटतो. विषय इतका लहान आणि इतका मोकळा असला पाहिजे.

मराठीत असे शब्द विपुल आहेत. ‘वाट’ घ्या. ती तुडवता येते, पाहता येते, चुकते, लावता येते आणि लागतेही. चक्रव्यूहाचा खेळ करणारा, कुणाची तरी प्रतीक्षा करण्याचा खेळ करणारी आणि सगळे मोडून टाकण्याचा खेळ करणारा, असे तिघेही त्या एका शब्दाखाली प्रामाणिकपणे उभे राहू शकतात. ‘पार’ हा तसाच: वडाचा पार, नदीचा पैलपार, आणि ‘पार दमलो’ मधला पार. हे दोन शब्द मी येथे लिहिल्यामुळे आता स्पर्धेत येणार नाहीत. सहभागींनी प्रत्येकी एक शब्द सुचवावा, त्यांतून मतदानाने आठ निवडावेत आणि शुक्रवारी सातला त्या आठांपैकी एक चिठ्ठी काढून जाहीर व्हावा. म्हणजे कुणालाही आधीपासून तयारी करता येणार नाही आणि शब्दही सर्वांच्या पसंतीचा असेल.

आतापर्यंतच्या चर्चेवरून नियमांचा मसुदा लिहायला घेतो. पंधरा तासांचा अंदाज, ५० मेगाबाइट, उल्लेखाची अट, ट्वाइनला मुभा आणि अनुस्वार यांचा नमुना-प्रकल्प हे सर्व त्यात येईल. सोमवारी सातनंतर दोन तास केवळ अपलोड करण्यासाठी आणि बिल्ड दुसऱ्याच्या संगणकावर उघडते का, हे पाहण्यासाठी देऊ. काळ्या पडद्याचा अनुभव पुन्हा कुणाला यायला नको.

प्रतिसादाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण माझ्या मते स्पर्धेचा जीव तिथे आहे. प्रत्येक सहभागीने किमान आठ खेळ खेळावेत आणि प्रत्येकावर पाच तरी वाक्ये लिहावीत. ‘छान आहे, आवडला’ याला प्रतिसाद म्हणून मोजणार नाही. कुठे अडकलो, कुठे कंटाळलो, कोणत्या क्षणी काय करायचे ते उमगले आणि पुन्हा उघडावासा वाटला का, एवढे लिहिले तरी करणाऱ्याला पुढच्या खेळासाठी पुरते. ज्यांचे लिहिण्याशी फारसे जमत नाही त्यांनी ध्वनिमुद्रण करून पाठवावे.

शिवाय दोन आठवड्यांच्या मधल्या रविवारी पुण्यात प्रत्यक्ष भेटावे, असा विचार आहे. एका शाळेचा वर्ग मिळण्याची शक्यता आहे. तिथे एकच नियम ठेवायचा: आपला खेळ दुसरा कुणी खेळत असताना करणाऱ्याने त्याच्या मागे उभे राहावे आणि एक शब्दही बोलू नये. ‘तिथे नाही, इकडे दाब’ असे सांगण्याची ऊर्मी फार होते, मला स्वतःला ती दोनदा आवरली नव्हती. पण न बोलता पाहिले की, आपल्याला जे बटण ठळक वाटत होते ते समोरच्याला दिसतच नाही, हे अर्ध्या मिनिटात कळते.

---

काचापाणी

एक शेवटची शंका. सोमवारी सातपर्यंत खेळ पूर्ण झाला नाही, तर आपण बाहेर, असे समजायचे का? की इतरांचे खेळ खेळून त्यांवर लिहायला आणि रविवारी यायला हरकत नाही?

---

सारीपाट (धागालेखक)

अजिबात हरकत नाही, आणि हे मसुद्यात स्वतंत्रपणे लिहितो. पूर्ण न झालेला खेळही यादीत ठेवता येईल, त्याला ‘अपूर्ण’ अशी खूण असेल, गुण नसतील, पण प्रतिसाद इतरांइतकेच मिळतील. ज्यांनी काहीच दिले नाही त्यांचे गुण मोजणार नाही, त्यांनी लिहिलेले प्रतिसाद मात्र मोजू. आपली कथा अर्ध्यावर थांबली, तर जिथवर झाली आहे तिथवरच ठेवा. पुढचे वळण कोणते असावे, हे खेळणारे सांगतील.

मसुदा येत्या रविवारी याच धाग्यावर टाकतो. दुरुस्त्या तोवर सुचवत राहाव्यात.